पॉलिस्टायरीनचे कण इथेनॉलमध्ये टिकवणारे कलम

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला खुंट आणि कलम समजावून सांगावे लागत नाही. डॉगरीज या खुंटाची मुळे जमीन धरून ठेवतात आणि वर भरलेले कलम मांडवभर पसरते. डिस्पर्शन पॉलिमरायझेशनमध्ये स्टायरीनसारखे छोटे रेणू द्रवात विरघळलेले असतात, पण त्यांची साखळी (पॉलिस्टायरीन) वाढली की ती न विरघळता कण होऊन वेगळी होते. हे कण एकमेकांना चिकटत नाहीत, ते अशाच रचनेमुळे. पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, इथेनॉलमध्ये विरघळते. पॉलिस्टायरीन विरघळत नाही. मुक्तमूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील रेणू) पीव्हीपीच्या साखळीवरील हायड्रोजन ओढून घेतात आणि त्या जागी स्टायरीनची शाखा वाढते. ही शाखा कणात रुतते, तर पीव्हीपी बाहेर इथेनॉलमध्ये फुलून राहते, आणि दोन कण जवळ आले की हे थर दाबले जाऊन साखळ्यांना हालचालीस जागा उरत नाही, म्हणून कण दूर सारले जातात. नुसते पृष्ठभागावर बसलेले पीव्हीपी सहज सुटते. म्हणूनच पीव्हीपी किती घातले यापेक्षा कलम किती बांधले गेले, याकडे मी अधिक लक्ष देतो.

साठवणीत स्टायरीनच्या साखळ्या आपोआप बनू नयेत म्हणून त्यात घातलेला अवरोधक ॲल्युमिनाच्या स्तंभातून काढून टाकावा. ८५ ग्रॅम इथेनॉलमध्ये १.८ ग्रॅम पीव्हीपी के-३० (साखळीच्या लांबीवरून ठरलेली एक प्रत) थोडे थोडे शिंपडून विरघळवावे, कारण एकदम टाकल्यास गुठळ्या होतात. मग १२.५ ग्रॅम स्टायरीनमध्ये ०.१२५ ग्रॅम एआयबीएन (तापल्यावर मुक्तमूलक देऊन अभिक्रिया सुरू करणारे संयुग) विरघळवून ते मिश्रण त्यात घालावे. ऑक्सिजन मुक्तमूलकांना निकामी करतो, म्हणून अर्धा तास नायट्रोजन सोडावा. कंडेन्सर लावून ७० अंश सेल्सिअसवर, मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांनी ढवळत २४ तास ठेवावे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथेनॉल येथे ७८ अंशांच्या थोडे आधीच उकळते. तापमान वाढवण्याचा मोह टाळावा.

पहिला तास सर्वांत नाजूक असतो. पारदर्शक द्रवावर आधी निळसर झाक येते, ती दाट होते आणि मग फ्लास्क दुधाळ दिसू लागतो. याच वेळी सूक्ष्म केंद्रके, म्हणजे नुकतेच बनलेले इवले कण, एकमेकांत मिसळत असतात आणि पृष्ठभागावर पुरेसे कलम जमले की थांबतात. कणांची संख्या येथेच ठरते. या काळात झाकण उघडू नये आणि ढवळण्याचा वेग बदलू नये. एका डिसेंबरच्या सकाळी मी घाईने नायट्रोजनची वेळ कमी केली होती. दुधाळपणा उशिरा आला आणि पात्यावर पांढरा चिवट थर बसला.

शेवटी कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवून ताज्या इथेनॉलने तीनदा धुवावेत. गाळ हलवताच पुन्हा पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुटे गोल दिसले, तर कलम रुजले आहे. धुतल्यावर गुठळ्या झाल्या, तर पुढच्या वेळी एआयबीएनऐवजी बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरून पाहावे. त्याचे मूलक हायड्रोजन अधिक सहज ओढतात.