फ्लुओ-४ एएम: पेशीत चमकते ठिपके, मिनिटागणिक उतरणारी चमक

लक्षण असे: हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग पेशी) फ्लुओ-४ एएम हे कॅल्शियमला बांधले की चमकणारे रंगद्रव्य भरल्यावर पेशीरस एकसारखा न उजळता ठिपके दिसायचे. पेशींना चेतवणारे एटीपी दिल्यावर कॅल्शियमची उसळी जेमतेम, आणि मूळ चमक सतत घसरत असताना भोवतीचा द्रव मात्र उजळत जायचा. नवी कुपी, कमी लेसर, काहीच लागू पडेना. रंगद्रव्य वाढवल्यावर ठिपके आणखी वाढले. अगदी जीव मेटाकुटीला आला होता.

दुखणी दोन होती. ३७ अंशांवर रंगद्रव्य पेशीतल्या पुटिकांत (पटलाने वेढलेल्या छोट्या पिशव्यांत) शिरत होते, आणि एस्टर (रंगद्रव्याला पेशीत शिरू देणारा जोडगट, म्हणजे नावातला ‘एएम’) तुटून मोकळे झालेले रंगद्रव्य पेशी बाहेर फेकत होत्या.

हा क्रम लागू पडला. रंगद्रव्य बाहेर फेकणे रोखणारे प्रोबेनेसिड १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून, हेपीस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) असलेल्या हँक्स या क्षारद्रावणात २.५ मिलिमोलर केले आणि पीएच पुन्हा ७.४ वर आणला. (हे टाळू नका, द्रावण फार अल्कधर्मी होते.) कोरड्या डीएमएसओ या द्रावकातले १ मिलिमोलर रंगद्रव्य २ मायक्रोलिटर घेऊन आधी तेवढ्याच २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ मध्ये (रंगद्रव्य पाण्यात पसरवणारा साबणासारखा पदार्थ) मिसळले, मग या १ मिलिलिटर द्रावणात घातले. सीरम अजिबात नको, त्यातली एस्टरेझ विकरे एस्टर बाहेरच तोडतात. पेशी या द्रावणात खोलीच्या तापमानाला, अंधारात ३० मिनिटे. दोनदा धुऊन, उरलेले एस्टर तुटावे म्हणून प्रोबेनेसिडच्याच द्रावणात आणखी ३० मिनिटे. चित्रणातही तेच द्रावण.

आता पेशी एकसारख्या उजळतात, मूळ रेषा स्थिर राहते. मात्र प्रोबेनेसिड पेशीपटलातली पॅनेक्सिन-१ ही वाहिनी रोखते आणि टीआरपीव्ही२ ही वाहिनी उघडते. त्यांवर काम असेल तर रंगद्रव्य बाहेर जाणे रोखणारे दुसरे औषध, सल्फिनपायराझोन, वापरून पडताळा घ्या.