बकुळ लावण्याआधी झाडाखालची जमीन बघा

बकुळीची फुलं कुणी तोडत नाही, वेचतं. झाड तीस-चाळीस फूट वाढतं, फूल बोटाच्या पेराहूनही लहान असतं आणि रात्री उमललेली फुलं पहाटेपर्यंत आपसूक खाली पडतात. म्हणून वर किती जागा आहे यापेक्षा खाली काय आहे ते आधी बघायचं. खाली गाड्या लागत असतील किंवा उघडं गटार असेल, तर झाड छान होईल, पण फुलं हाती लागायची नाहीत. सारवलेलं अंगण किंवा झाडून घेता येईल अशी फरशी उत्तम. हिरवळ दिसते छान, पण ओल्या गवतातून ही फुलं वेचताना कंबरडं मोडतं. घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवा. बकुळ सदाहरित आहे, बारा महिने दाट सावली देते. ती सावली कुठे पडेल, याचाही विचार करा.

रोप बियांपासून करता येतं. फळ पिकून पिवळसर नारिंगी झालं की गर काढून बी धुवायची, दिवसभर पाण्यात भिजवायची आणि ताजी असतानाच पिशवीत बोटभर खोल पेरायची. टणक कवचामुळे उगवायला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्तही लागतो. (गर खाऊन बी ठेवलीत तरी चालेल. गोडसर तुरट लागतो. बकुळ चिकूच्याच कुळातली. फांदी मोडली की तसाच पांढरा चीक येतो.) फक्त बियांच्या झाडाला फुलं यायला सात-आठ वर्षं सहज जातात. तेवढा धीर नसेल तर रोपवाटिकेतून चार-पाच फुटांचं रोप आणा.

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तापू द्या. पाऊस स्थिरावला की माती आणि कुजलेलं शेणखत भरून रोप लावा, काठीचा आधार द्या. पाणी साचणारी जागा टाळा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. पुढे झाड स्वतःचं बघून घेतं. रोप वाढायला लागलं की खालच्या फांद्या हळूहळू काढा, नाहीतर झुडूप होऊन बसेल आणि खाली वाकून शिरावं लागेल. कुंडीत लावू नका असंच मी सांगेन.

आता फुलं. मुख्य बहर उन्हाळ्यात. रात्री झाडाखाली जुनी सुती साडी अंथरून ठेवा आणि उजाडताच गोळा करा, उशीर केलात तर मुंग्या आधी पोचतात. फुलं हलकेच पाखडून मुंग्या आणि माती काढा. धुऊ नका.

गजऱ्याला गाठी मारत बसावं लागत नाही. फूल देठ झाडावरच सोडून गळतं, त्यामुळे त्याच्या मधोमध आयतं भोक असतं. दोऱ्यात ओवत जायचं, बस्स. कोकण-गोव्यात या झाडाला ओवळ म्हणतात आणि गजऱ्याला वळेसर. ओवायचं काम सकाळीच उरका, फुलं सुकली की चुरतात.

उरलेली फुलं सावलीत, कापडावर पसरून तीन-चार दिवस वाळवा. मोगरा दुसऱ्या दिवशी कोमेजला की संपला. बकुळ तपकिरी पडते आणि तरीही महिनोन् महिने दरवळते. पातळ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून साड्यांच्या घड्यांत ठेवा. मात्र पुरती वाळल्याशिवाय नको, नाहीतर बुरशी धरते आणि साडीवर डाग पडतो.

बकुळीची साल हिरड्यांसाठी दंतमंजनात घालतात, हे ऐकून अंगणातल्या झाडावर कोयता चालवू नका. बुंध्याभोवती साल निघाली तर झाड वाळतं. साल काष्ठौषधीच्या दुकानात मिळते.