पार्किंगमधल्या बाईकचा पहिला क्लेम: दोनदा परत आला, तिसऱ्यांदा पास झाला

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी बाईक आडवी पडलेली, टाकीला पोचा, हँडल वाकडं, क्लच लिव्हर अर्धा तुटून केबलला लोंबत होता. आधी मी गॅरेजवाल्याकडून लिव्हर बदलून घेतला, तिथेच चुकलं, विमा कंपनीच्या सर्व्हेच्या, म्हणजे नुकसानीच्या तपासणीच्या आधी बदललेला पार्ट धरतच नाहीत. मग कंपनीच्या ॲपवर क्लेम टाकला, तो दोनदा परत आला. फार डोकं फिरलं.

शेवटी जमलं ते असं. आधी पॉलिसीत 'ओन डॅमेज' (आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) आहे का ते बघितलं, नुसत्या थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही. मग नंबर प्लेट आणि डॅमेज एकाच फोटोत येईल असे फोटो काढले, हेल्पलाइनला फोन करून क्लेम नंबर घेतला, तारीख, अंदाजे वेळ, जागा आणि 'गाडी उभी होती' हे स्पष्ट लिहिलं, गाडी नेटवर्क गॅरेजला, म्हणजे कंपनीशी जोडलेल्या गॅरेजला लावली आणि सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत एक स्क्रूसुद्धा हलवू दिला नाही.

झिरो डेप (पार्टची घसारा-कपात टाळणारं जादा कव्हर) नसल्याने प्लास्टिक-रबरचे ५०% कापले, शिवाय १०० रुपये कंपल्सरी, म्हणजे क्लेममध्ये आपल्याच खिशातून जाणारे. खर्च किरकोळ असेल तर क्लेम करूच नका, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो.