जुन्या धाटणीच्या ट्यूब अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप बसवायचाय? दोन जॅक लावून भागत नाही

कोथरूड काय नि सिंहगड रोड काय, सोसायटीत ५० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडून वाजवणं शक्यच नाहीये, त्यामुळे सगळेजण मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली ठेवतात आणि डिस्टॉर्शन आधीच्या टप्प्यातून म्हणजे प्रीअ‍ॅम्पमधून काढतात. मग गिटार नि अ‍ॅम्पच्या मधे डिले (आवाजाचे रिपीट्स देणारं पेडल) लावला की आधी डिले होतो नि नंतर तो सगळाच्या सगळा डिस्टॉर्ट होतो, रिपीट्स एकमेकांत मिसळून नुसता लगदा. डिले-रिव्हर्ब हे डिस्टॉर्शनच्या नंतर यायला हवेत, म्हणजे प्रीअ‍ॅम्प संपल्यावर आणि फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या टप्प्याच्या) आधी, आणि त्यासाठीच लूप, म्हणजे सिग्नल मधूनच बाहेर पेडलकडे नेऊन परत आत आणायची वाट.

पण सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी एक बघा, तुमचं डिस्टॉर्शन नक्की येतंय कुठून? मार्शलचा २२०३ हा मास्टर व्हॉल्यूमवाला अ‍ॅम्प १९७५ मधे आला, १९८१ मधे तेच सर्किट जेसीएम८०० नावाने आलं, त्याचाच ५० वॅटचा भाऊ २२०४. या जातीच्या अ‍ॅम्पमधे डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पमधे बनतं, तिथे लूपचा खरा उपयोग. मास्टर नसलेला मार्शलचा प्लेक्सी किंवा फेंडरचा ट्वीड डीलक्स असेल तर त्याची मजा फेज इन्व्हर्टर नि पॉवर ट्यूब ताणल्यावर येते, त्यात लूप टाकला तरी डिले पुढे जाऊन डिस्टॉर्ट होणारच, तिथे मेहनत फुकट जाते असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अ‍ॅम्प खरोखर साठ-सत्तरच्या दशकातला असेल तर कृपा करून त्याच्या चासीला भोकं पाडू नका. हे सगळं किटवरून बनवलेल्या किंवा नव्याने बनवलेल्या जुन्या डिझाइनच्या अ‍ॅम्पसाठी आहे.

आता बरेच जण सांगतात की मास्टरच्या पुढची वायर तोडायची, सेंड-रिटर्नचे (बाहेर जायचा नि परत यायचा) दोन जॅक टाकायचे, झाला लूप. होत नाही, आणि का होत नाही ते आकड्यात बघा. १ मेगचा मास्टर पॉट मधल्या जागेवर असला की त्याचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) २५० के पर्यंत जातो (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख), साधी गिटार केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे ६ मीटरला ६००. या दोघांचा मिळून जो फिल्टर होतो तो हजार हर्ट्झच्या आसपासच कापायला लागतो. गिटारचा सगळा चावा त्याच्या वर असतो, म्हणजे पेडल बंद असलं तरी आवाज गोधडीखालून आल्यासारखा. दुसरी गोष्ट लेव्हल, टोन स्टॅकनंतर (बेस-मिडल-ट्रेबलच्या सर्किटनंतर) दणकून वाजवलं तर १० व्होल्टच्या घरात सिग्नल निघू शकतो आणि ९ व्होल्टवर चालणारं पेडल ते पचवूच शकत नाही, आत जातानाच क्लिप. म्हणून इम्पिडन्स खाली आणायचा, लेव्हल खाली आणायची, आणि परत येताना लेव्हल पुन्हा वर न्यायची, ही तिन्ही कामं एक जादा १२एएक्स७ ट्यूब करते, तिच्यात दोन स्वतंत्र अर्धे असतात, एका अर्ध्यात कॅथोड फॉलोअर (इम्पिडन्स उतरवणारा) नि दुसऱ्या अर्ध्यात रिकव्हरी स्टेज (लेव्हल परत वर नेणारी).

जागा म्हणाल तर ट्रेबल पॉटच्या वायपरपासून (मधल्या टॅगपासून) मास्टरकडे जाणारी वायर. लूप मास्टरच्या आधी घ्या, म्हणजे मास्टर कमी-जास्त केला तरी पेडलला जाणारी लेव्हल तीच राहते. वायपरकडून ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० के ग्रिड स्टॉपर रेझिस्टर, मग ट्यूबचं ग्रिड. हा कपॅसिटर गाळायचा नाही कारण या ग्रिडवर शंभरएक व्होल्ट डीसी असणारे. प्लेट सरळ बी प्लसला (ट्यूबच्या हाय व्होल्टेज सप्लायला). कॅथोडपासून १.५ के, त्याच्याखाली १०० के ग्राउंडला, आणि त्या दोघांच्या सांध्यापासून ग्रिडकडे १ मेग. कॅथोडवरून ०.१ मायक्रोफॅरड, मग ४७ के सिरीजमधे नि ४.७ के ग्राउंडला, या दोघांच्या मधून सेंड जॅक. इथे सिग्नल साधारण अकरा पटीने उतरतो आणि इम्पिडन्स साडेचार केच्या खाली येतो, आता खुशाल लांब केबल लावा.

रिटर्न जॅक स्विचवाला घ्या, त्याच्या स्विचच्या टॅगला सेंडची वायर जोडा म्हणजे लूपमधे काही लावलं नसेल तेव्हा सिग्नल आतल्या आत पुढे जातो. रिटर्नच्या टिपवर १ मेग ग्राउंडला, १० के मधून दुसऱ्या अर्ध्याचं ग्रिड, प्लेटला १०० के, कॅथोडला १.५ के, त्याला बायपास कपॅसिटर लावू नका. बायपासशिवाय गेन ३० च्या आसपास मिळतो, तेवढा पुरतो, उलट जास्तच आहे, म्हणून प्लेटवरून ०.०२२, मग २२० के सिरीज, १०० के ग्राउंडला, आणि तिथून जुन्या मास्टर पॉटकडे. हिशोब केला तर आत गेलं त्यापेक्षा थोडंसंच कमी बाहेर येतं. रिकव्हरी स्टेज फेज उलटवते, त्याची काळजी नको, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणलेला सिग्नल) फेज इन्व्हर्टरला येऊन मिळतो, लूप त्याच्या बाहेर आहे.

सप्लाय प्रीअ‍ॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरवरून घ्या, १० के १ वॅट आणि २२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा स्वतंत्र कपॅसिटर, दोन्ही अर्धे मिळून २ मिलिअ‍ॅम्पच्या आसपास खातात म्हणजे वीसेक व्होल्ट पडतील. पॉवर ऑन केल्या केल्या ट्यूब गरम नसताना व्होल्टेज जास्त असतं, तुमच्या अ‍ॅम्पला ते ४५० च्या वर जात असेल तर ५०० व्होल्टचा घ्या. हीटरला ६.३ व्होल्टवर ०.३ अ‍ॅम्पिअर जादा लागणार, ट्रान्सफॉर्मरची हीटर वाइंडिंग आधीच काठोकाठ असेल तर तो विषय आधी सोडवा.

सामानाचं बोलायचं तर रेझिस्टर, शिल्डेड वायर, जॅक, टॅग स्ट्रिप हे पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरलात तर मिळून जातं, पण फिल्म कपॅसिटर घेताना त्यावरचं व्होल्टेज स्वतः वाचा, ६३० व्होल्टचाच घ्या, दुकानदार पटकन २५० चा हातात देतो. ट्यूब ऑनलाइनच मागवावी लागेल. जॅक प्लॅस्टिक बॉडीचे घ्या, ग्राउंड चासीला परस्पर न लागता एकाच ठिकाणी नेता येतो आणि हम टळतो. सॉकेटचं भोक साधारण २२ मिलिमीटरचं लागतं, पाडताना बोर्ड कापडाने नीट झाका, धातूचा एक कण जरी राहिला तरी नंतर स्पार्क होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमधे चारशे व्होल्ट बसलेले असू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात, यात अतिशयोक्ती नाही. प्लग काढा, १० के ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटर नि ग्राउंडच्या मधे थोडा वेळ धरा, मग मल्टिमीटरने मोजा, १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. अ‍ॅम्प चालू असताना मोजायचं तर एक हात खिशात. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर थ्री पिन सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, बऱ्याचदा तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. हाय व्होल्टेजवर आधी कधी काम केलं नसेल तर हे वाचून एकट्याने सुरू करू नका, माहितगार माणूस शेजारी बसवा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (ज्यात बल्ब मेन्सच्या वाटेत सिरीजमधे येतो) १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावून करा, स्पीकर जोडलेलाच हवा. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे. मग थेट २३० वर लावून मोजा. सप्लाय २८० च्या आसपास असेल तर फॉलोअरच्या कॅथोडवर साधारण १०० व्होल्ट, रिकव्हरीच्या प्लेटवर १८० ते २००, तिच्या कॅथोडवर दीड व्होल्टच्या आसपास. थोडं इकडे तिकडे चालतं, पण रिकव्हरीच्या प्लेटवर पूर्ण सप्लाय दिसला तर तो अर्धा करंटच घेत नाहीये. लाकडी काडीने हळू वायरी हलवून बघा, जिथे खरखर येते तिथलं सोल्डर पुन्हा मारा.

हम आला तर आधी लूपमधलं पेडल काढा. गेला तर दोष अ‍ॅम्पचा नाही, पेडलच्या अ‍ॅडॉप्टरचा आहे, आयसोलेटेड सप्लाय वापरा. नाही गेला तर रिटर्नच्या वायरचं शिल्ड दोन्ही टोकांना ग्राउंड झालंय का बघा, एकाच टोकाला पाहिजे.

आणि जोरात कॉर्ड मारल्यावर डिलेचा पहिला रिपीट फाटत असेल तर ४.७ केच्या जागी २.२ के टाका, सेंड अर्ध्यावर येईल, आणि रिकव्हरीनंतरच्या २२० केच्या जागी ८२ के, म्हणजे एकूण आवाज जवळपास तेवढाच राहतो.