विंडोजशेजारी लिनक्स बसवताना

आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा आकडा, कागदावर उतरवून घ्या. ४८ आकडी असते, कंटाळा करू नका. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. उबुंटूला (लिनक्सचाच एक प्रकार) २५ जीबी पुरते म्हणतात, मी ६० च्या खाली जात नाही. मोकळी झालेली जागा तशीच सोडा, फॉरमॅट करत बसू नका.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायची सोय) बंद कराच. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर धड लिहिता येत नाही.

रूफस या प्रोग्रामने उबुंटूचा इन्स्टॉलर टाकून पेनड्राइव्ह तयार करा (त्यातलं सगळं पुसलं जातं), त्यावरून मशीन सुरू करा. इन्स्टॉलरमध्ये खरा धोक्याचा एकच पडदा: ‘अख्खी डिस्क पुसा’ की ‘विंडोजसोबत बसवा’. इथे दोनदा वाचून मगच पुढे. बाकी नेक्स्ट-नेक्स्ट.

नंतर विंडोजचं घड्याळ चुकलेलं दिसेल. घाबरू नका: लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगा, भांडण मिटतं.