एल्डन रिंगमध्ये मार्गिटला कसं हरवायचं

मार्गिटसमोर पहिले काही डाव वार करूच नका. फक्त त्याचा हात बघा. २०२२च्या एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधला हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, काठी उगारतो आणि तशीच हवेत धरून ठेवतो. नवखा खेळाडू तेवढ्यात घाबरून रोल करतो, म्हणजे वार चुकवायला कोलांटी मारतो, आणि उठता उठता मार खातो. हात खाली यायला लागला, की मगच रोल. कळव्याच्या माझ्या भाच्याला हे उमगलं तेव्हा तो खुर्चीवरून उठून नाचला!

अंगावरच्या हत्यार-चिलखताचं वजन पात्राच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर रोल जड होतो. रून्स (शत्रू मारून मिळणारं चलन) आधीच व्हिगरवर, म्हणजे पात्राचा जीव वाढवण्यावर, खर्च करा. तरीही जमेना तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा भाग फिरून, ताकद वाढवून या. ही पळवाट अजिबात नाही.

मला असे अवघड खेळ आवडतात ते प्रत्येक मरणाचं कारण दिसतं म्हणून. रोल लवकर केला, हावरेपणाने एक वार जास्त मारला. पात्राच्या लेव्हलपेक्षा आपली नजर जास्त वाढते. मेनूत सोपा मोड नाही, त्यामुळे जिंकलात तर ते पूर्ण तुमचं.

पुढे मार्गिट सोनेरी हातोडा काढेल. तिथे पुन्हा वार थांबवा आणि त्याची नवी चाल नीट बघून घ्या.