पावसातले कपडे, प्रवासाची बॅग: घरच्या काट्याने वजन कसे करावे

जून लागला की आमच्या देवगडच्या घरी पडवीत तीन दोऱ्या बांधल्या जातात आणि गणपती येऊन गेले तरी त्या मोकळ्या होत नाहीत. चार वर्षांपूर्वी मी मुंबईला न्यायच्या बॅगेसाठी हुकाचा डिजिटल काटा आणला, कोळणी मासळी तोलायला वापरतात तसला. आज तो बॅगेपेक्षा कपड्यांसाठी जास्त लागतो. पावसात कपडे का वाळत नाहीत, मशीन का धडधडते, याचे निम्मे उत्तर मला त्या काट्याने दिले.

आधी काटा तपासा

हुकाचा काटा ४० ते ५० किलोपर्यंत उचलणारा घ्या. तो नसेल तर पायाखालचा वजनकाटाही चालतो. त्यावर आधी एकटे उभे राहा, मग बोचके हातात घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. मात्र तो लादीवर किंवा कोब्यावर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर आकडा चुकतो. एखाद-दुसऱ्या किलोसाठी त्याच्यावर विसंबू नका.

काटा खरा की खोटा हे बघायला वाण्याकडून ५ किलो तांदूळ तोलून आणा आणि घरी पुन्हा तोला. दुकानातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, आपल्यावर नसतो. म्हणूनच घरच्या काट्याने आंबे किंवा कोकम तोलून विकू नका, तो फक्त घरासाठी. आणि दर वेळी आकड्याशेजारी ‘किलो’ आहे ना ते बघा. बटण चुकून दाबले गेले की काटा पौंड दाखवतो आणि १५ किलोची बॅग ३३ दिसते.

कपडे: धुण्याआधी

मशीनवर ६.५ किंवा ७ किलो लिहिलेले असते ते सुक्या, सुती कपड्यांचे वजन. ओल्या कपड्यांचे नव्हे, आणि सगळ्या प्रकारच्या कपड्यांचेही नव्हे. नायलॉन-पॉलिएस्टरसाठी बहुतेक पुस्तिकांत याच्या निम्म्याच्या आसपास मर्यादा दिलेली असते, झटपट धुण्याच्या सोयीसाठी त्याहूनही कमी. आपली पुस्तिका एकदा उघडून बघाच.

बाजारची मोठी नायलॉनची पिशवी काट्याला अडकवा, आकडा शून्यावर आणा, मग कपडे भरा. हाताने उचलून धरण्यापेक्षा पडवीच्या वाशाला दोरी बांधून काटा टांगलेला बरा, आकडा हलत नाही.

अडचण अशी की पावसात कपडे सुके मिळतातच कुठे? लावणीहून आलेले कपडे चिखलाने आणि पाण्याने दुप्पट जड असतात. त्यांचे वजन करून काही कळत नाही. म्हणून एप्रिल-मेच्या कडक उन्हात एक दिवस काढा आणि घरातल्या रोजच्या कपड्यांची सुकी वजने लिहून ठेवा. आमच्याकडे जीन्स ७०० ग्रॅम, मोठा टॉवेल ४५० ग्रॅम, सासूबाईंचे सुती लुगडे ६०० ग्रॅम, डबल बेडची चादर ९०० ग्रॅम भरली. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पावसात ओले कपडे मोजून मी त्यावरून बेरीज करते. चिखलाचे कपडे मात्र आधी बाहेर दगडावर खळबळून घ्यायचे, चिखल मशीनमध्ये जाता कामा नये.

गोधडी मशीनमध्ये घालू नका. एकच जड नग भिजला की पिळताना सगळा भार एका बाजूला जातो आणि मशीन उड्या मारते. तिला विहिरीवरचा दगडच बरा.

कपडे: पिळल्यानंतर

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून मशीनमधून निघालेले कपडे पुन्हा तोलले की त्यांत किती पाणी उरले हे नेमके कळते. समजा सुके वजन ३ किलो होते आणि पिळून ५ किलो आले, तर २ लिटर पाणी तुमच्या घरातल्या हवेत जायचे आहे. ही हवा आधीच ओलीचिंब. म्हणून मी आकडा साडेपाचकडे गेला की कपडे मोकळे करून पुन्हा पिळायला लावते. वीज जायच्या आत हे काम उरकायचे, म्हणून मी दोन लहान खेपा करते, एक मोठी नाही.

वाळले की नाही हेही काटा सांगतो. हाताला गार लागलेला टॉवेल ओला आहे की नुसता गार, हे पावसात बोटांना कळत नाही. एकच टॉवेल खुणेसाठी ठरवा आणि तीन-तीन तासांनी स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर तोला. दोनदा वजन तेच आले म्हणजे या हवेत तो याहून सुकणार नाही. तो मेमधल्या वजनापेक्षा थोडा जड राहणारच, सुती कापड हवेतला ओलावा पकडून ठेवते. मग घडी घालायच्या आधी इस्त्री फिरवा.

बॅग

विमानाने देशात जाताना बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान आणि हातात ७ किलो, पण आपले तिकीट वाचा. २०२१ मध्ये सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये गोव्यातला मोपाचा, तेव्हापासून आमच्याकडे हा हिशेब घरोघरी आला आहे. कोकण रेल्वेत स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येते. पण पुलाच्या पायऱ्या चढताना कंबर आपली असते.

रिकामी बॅग आधी तोला. मोठी कडक बॅग रिकामीच चार किलोच्या घरात जाते. मग खाऊ वेगळा तोला. हापूसचे फळ अडीचशे ग्रॅम धरले तर डझनाचे तीन किलो, पेंढा-खोक्यासह दोन डझनांचे सात सहज. कोकम आगळाची लिटरची बाटली मिठामुळे किलोपेक्षा थोडी जास्त भरते. सुके खोबरे तेलकट, पेट घेणाऱ्या मालात धरले जाते, ते विमानाने न्यायचे तर कंपनीला आधी विचारा.

भरलेली बॅग तोलताना हुक बॅगेच्या मुठीत नीट अडकवा आणि बॅग सरळ वर उचला. आकडा स्थिर होऊन काटा वाजेपर्यंत थांबा. वीस किलोच्या वर असेल तर दोघांनी काठी खांद्यावर घ्यावी आणि काटा मध्ये टांगावा. माझ्या आईने एकटीने बॅग उचलली होती, आठ दिवस तिची पाठ धरलेली होती. मर्यादेच्या अर्धा किलो खाली थांबा, आणि निघायच्या सकाळी पुन्हा तोला. रात्रभर पावसाळी पडवीत ठेवलेली कापडी बॅग सकाळी किती भरते ते बघितल्याशिवाय निघू नका.

पावसाळ्यात काटा रोज वापरात नसेल तर बॅटरी काढून ठेवा. खाऱ्या हवेत आतल्या पत्र्यांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. हुक कोरड्या फडक्याने पुसून काटा घट्ट झाकणाच्या डब्यात टाका.